सकाळी गातो, दुपारी मुका: नानांच्या गाडीतल्या सीडी चेंजरचं प्रकरण

मी जळगावात कारऑडिओचं काम करतो. आता दिवस बहुतेक अँड्रॉइड स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरे बसवण्यातच जातो, सीडी चेंजर वर्षातून दोन-तीन आले तर आले, आणि आला की दुकानातली पोरं हळूच मागे सरकतात कारण मॅगझिन म्हटलं की त्यांना वाचायचं पुस्तक वाटतं. पण अजून बरेच जण हे डबे सांभाळून आहेत, आणि या मे महिन्यात आलेलं एक प्रकरण इतकं गुंतलेलं होतं की ते नीट लिहूनच ठेवावं असं वाटलं. एका डब्यात पाच तक्रारी, आणि पाचही तक्रारींना मालक एकच शब्द वापरत होता, एरर.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंजर म्हणजे डिकीत किंवा सीटखाली बसणारा डबा, त्यात सहा, दहा किंवा बारा सीड्यांचं मॅगझिन जातं, समोर डॅशबोर्डवर फक्त डेक असतो आणि तो एका जाड केबलने या डब्याला हुकूम सोडतो. डब्यात लेसर एकच. तो लेसर, सीडी फिरवणारी मोटर आणि सीडी दाबून धरणारा क्लॅम्प असं सगळं मिळून एक छोटं प्लेअर असतं, ते लिफ्टसारखं खालीवर होतं, हव्या त्या मजल्यावर थांबतं, मग एक आकडा त्या मजल्यावरची ताटली ओढून सीडी आत घेतो. गाणं संपलं की सीडी परत जागेवर. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कमी आणि गिअर, स्प्रिंगा, लिव्हर जास्त, घड्याळजीचं काम म्हणा ना.

नाना अमळनेरचे, आमच्या मावशीच्या सासरकडचे. गाडी २००४ ची सेडान, मेक सांगत नाही कारण यात गाडीचा किंवा चेंजरच्या कंपनीचा दोष काहीच नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "सकायले चालस, दुपारले मुका व्हई जास. आते काय करानं भो?" मी म्हटलं नाना बसा, आधी पाणी प्या, मग सगळं पहिल्यापासून सांगा.

त्यांनी जे सांगितलं ते असं. सकाळी अमळनेरहून निघालं की धरणगाव, पाळधी करत जळगावपर्यंत गाणी चालतात, मधे खड्डा आला की गाणं उडी मारतं पण चालतं. दुपारी परत निघताना स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी अक्षरं येतात आणि चेंजर ढिम्म. सहा नंबरची सीडी लावली की आकडे पळतात पण आवाज नाही. चार नंबरची तर वर्षभरापासून अधूनमधूनच लागायची, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या मुली माहेरी आल्या तेव्हा तीच लावायला गेले तर आत काहीतरी चर्रर्र वाजलं आणि तेव्हापासून मॅगझिनच बाहेर येत नाही. बाकीच्या सीड्या पण त्यात अडकल्या.

त्या चार नंबरमुळेच हा सगळा खटाटोप होता. नानांच्या आईने आणि तिच्या बहिणींनी म्हटलेली आखाजीची गाणी कधीतरी कॅसेटवर भरून घेतली होती, २००५ च्या सुमारास कोणाकडून तरी त्याची सीडी करून घेतली, कॅसेट नंतर उंदरांनी खाल्ली. म्हणजे जगात एकच कॉपी, आणि ती त्या डब्यात जॅम. पोराने म्हटलं होतं ब्लूटूथचा डेक टाकून देऊ, नाना म्हणे डेक टाक पण आधी आईला बाहेर काढ.

माझ्याकडे यायच्या आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने डिकी उघडली, दोन मिनिटांत "लेन्स गेली" सांगून साडेतीन हजार मागितले. दुसऱ्याने डबा उघडून काहीतरी केलं, दोनशे रुपये घेतले, दोन दिवस बरा चालला आणि मग पहिल्यापेक्षा जास्त बिघडला. कोण ते नानांनी सांगितलं पण इथे लिहीत नाही, कारण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पण जवळजवळ तेच म्हणणार होतो. गाडी आली दुपारी अडीचला, बाहेर ४४ अंश, डिकी उघडली तर तोंडावर भट्टीची वाफ. चेंजर चालू केला तर सरळ एरर. माझ्या तोंडातून निघालं, लेसर वीक झालाय नाना. नशीब की पुढे काही बोललो नाही, कारण लेसरपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती हे मला संध्याकाळी कळलं.

चेंजर रिपेअर करायचा तर आधी ऐकायचं. गप्प बसून, एसी बंद, पोरांना गप्प करून. मॅगझिन आत ढकललं की पहिला आवाज लिफ्टचा, ती तळाला किंवा माथ्याला जाऊन आपली जागा मोजते. मग खट्, आकड्याने ताटली ओढली. मग क्लॅम्प बसल्याचा मऊ आवाज. मग लेसरचा ठोकळा सरकत अगदी आतल्या टोकाला जातो, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते, रेकॉर्डच्या उलट. मग लेन्स दोन-तीनदा खालीवर होऊन फोकस शोधते, अगदी कान लावला तर टिक टिक येतं. फोकस सापडला तरच सीडी फिरते, आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० फेरे, बाहेरच्या कडेला २०० च्या आसपास. आधी सीडीची अनुक्रमणिका वाचली जाते आणि मग गाणं. जिथे आवाज थांबतो तिथे आजार. लेन्स टिकटिकली आणि सीडी फिरलीच नाही तर लेन्स मळलेली किंवा लेसर कमजोर किंवा सीडी उलटी घातलेली (काही कंपन्यांच्या मॅगझिनमध्ये छापील बाजू वर लागते, काहींमध्ये खाली, यात भले भले फसतात). फिरून थांबली तर अनुक्रमणिका वाचता येत नाहीये. पण खट् च्या आधीच थांबलं तर लेसरला शिव्या देऊन काय उपयोग, त्याची पाळीच आलेली नाही.

नानांचा चेंजर संध्याकाळी थंड झाल्यावर परत लावला. लिफ्ट हलली, चर्रर्र, परत हलली, चर्रर्र, तीनदा प्रयत्न केला आणि एरर. म्हणजे ताटलीशीच मारामारी चालली होती.

त्याच्या आधी सप्लाय बघून घेतला होता, १२.४ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १३.९, अर्थ चांगला, केबलचा प्लग काढून बघितला तर पिना स्वच्छ. हे पाच मिनिटांचं काम, पण करायचंच. आणि प्लग काढताना डेक बंद करूनच काढायचा, चालू लाइनवर ओढाताण करायची नाही.

मग मी नानांना तो प्रश्न विचारला जो खरं म्हणजे दारातच विचारायला हवा होता. चेंजरमध्ये काय बिघडलं ते राहू द्या, गाडीत काय बदललं ते सांगा. नाना म्हणे काहीच नाही. मावशी मागून म्हणाल्या, "गॅसकिट नाही का बसवलं?"

झालं. दीड वर्षापूर्वी सीएनजी किट बसवलं होतं. सिलिंडर डिकीत आडवा, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, आणि चेंजर आधी नेमका तिथेच डिकीच्या फरशीवर आडवा बसवलेला होता. किटवाल्याने तो काढून डाव्या बाजूच्या भिंतीला, चाकाच्या कमानीमागे, उभा स्क्रूने ठोकून दिला. त्याला दोष देत नाही, त्याचं काम गॅसचं, त्याने बिचाऱ्याने फेकून न देता सांभाळून बसवला. पण तिथूनच सगळ्या भानगडी सुरू झाल्या, आणि नानांना खड्ड्यात गाणं उडायला कधीपासून लागलं विचारलं तर ते पण दीड वर्षच म्हणाले.

कसं असतं, चेंजरच्या आतलं ते छोटं प्लेअर डब्याला घट्ट बसवलेलं नसतं, ते चार कोपऱ्यांना स्प्रिंगा आणि मऊ डॅम्परवर तरंगत असतं, कारण सीडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, आपल्या केसाच्या जाडीत अशा कितीतरी रेघा मावतील, आणि लेसरला तेवढ्याशा रेघेवर चालायचं तेही आपल्या रस्त्यावर. आता डबा आडवा असताना वजन स्प्रिंगांवर एका दिशेने येतं, उभा केला की दुसऱ्या. म्हणून बऱ्याच चेंजरच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल खाच असते, स्क्रूड्रायव्हरने फिरवायची, आडवा असेल तर एच वर, उभा असेल तर व्ही वर, काहींत मधला तिरका पण असतो. ती फिरवली की आत स्प्रिंगेचं टोक दुसऱ्या जागी अडकतं. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. नानांचा डबा भिंतीला उभा आणि दोन्ही खाचा एच वर. म्हणजे आतलं प्लेअर दीड वर्ष एका अंगावर लोंबकळून राहिलं होतं. खड्ड्यात उडणार नाही तर काय होईल, आणि वर लिफ्ट मजल्यावर थांबली तरी ताटलीसमोर बरोबर येणार नाही, थोडी खाली राहणार, आकडा कधी लागणार कधी घसरणार.

यावरून आठवलं, नवीन चेंजरला वाहतुकीचे रंगीत स्क्रू असतात, आतली स्प्रिंग लॉक करायला, ते बसवताना काढायचे आणि जपून ठेवायचे. नानांनी ते ग्लोव्हबॉक्समध्ये आरसी बुकच्या पाकिटात ठेवले होते, वीस वर्षं. असा गिऱ्हाईक मिळणं म्हणजे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा काढला. आधी बॅटरीची निगेटिव्ह, त्याच्या आधी डेकचा कोड लिहून घेतला, नाहीतर बॅटरी जोडल्यावर डेक कोड मागत बसतो आणि नाना म्हणणार तू बिघडवलास. झाकणाचे सहा स्क्रू काढून बघितलं तर चार नंबरची ताटली अर्धी आत, अर्धी मॅगझिनमध्ये, आणि सीडीची कड क्लॅम्पच्या खाली तिरकी. मॅगझिन निघत नव्हतं ते यामुळेच, सीडी आत असेल तर चेंजर मॅगझिनचं कुलूप सोडतच नाही, सोडलं तर सगळं मोडेल.

इथे लोक चिमटा घालून ओढतात. ओढायचं नाही. लोडिंग मोटरचा कनेक्टर काढला, म्हणजे बाहेरून करंट दिला तर तो बोर्डावरच्या आयसीकडे जाऊ नये, आणि मोटरच्या दोन टोकांना दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, टेकवले. एक क्षण. मोटर हलली, गिअर थोडा फिरला, थांबलो. सेल उलटे करून परत एक क्षण. पुढे मागे, पुढे मागे, बसमध्ये अडकलेली पिशवी काढतो तसं, आणि त्याच वेळी भाच्याने एक्सरेच्या फिल्मची पट्टी कापून सीडी आणि ताटलीच्या मधे सारली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. मग एकदम क्लॅम्प उचलला गेला, ताटली मागे सरकली आणि कुलूप सुटून मॅगझिन अर्धा इंच पुढे आलं. नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले होते ते मला नंतर दिसलं.

सीडी हातात घेतली तर कारण समोरच. ज्याने ती बनवून दिली त्याने वरून गौराईचं चित्र छापलेला कागदी स्टिकर लावला होता. डिकीच्या गरमीने त्याचा गोंद पातळ होऊन कडेने बाहेर आला होता, एका बाजूने कागद उचकटून दोन मिलिमीटर वर आला होता, आणि त्या गोंदाला कापसाचे तंतू चिकटलेले. हंगामात नाना डिकीतून कापसाचे नमुने नेतात, त्याचे. सीडी जेमतेम १.२ मिलिमीटर जाड, तिच्यासाठी ताटलीत जागा तेवढीच, तिथे उचकटलेला कागद म्हणजे दारात आडवी खाट. म्हणून तर चेंजरच्या पुस्तकांत स्टिकर लावलेली सीडी घालू नका असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक वाचतो कोण.

नाना म्हणे काढून टाक ना तो कागद. मी हात धरला त्यांचा. लोकांना वाटतं सीडीतलं गाणं खालच्या चकचकीत बाजूला असतं, ते तिथे नसतं, ते वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतं, वरून फक्त लाखेसारखा पातळ थर. खालून चरा पडला तर पॉलिश करून कधी कधी वाचते, पण वरचा स्टिकर ओढला तर चमकता थरच कागदासोबत निघून येतो आणि हातात पारदर्शक चकती राहते. मी हे एकदा दुसऱ्याच्या सीडीवर होताना बघितलंय, त्या माणसाचं तोंड अजून आठवतं.

म्हणून स्टिकर होता तसाच ठेवला. उचकटलेला भाग बारीक कात्रीने सीडीच्या कडेला समांतर कापला, ओढलं अजिबात नाही, खालच्या बाजूवर आलेला गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलने आतून बाहेर सरळ रेषेत पुसला. गोल गोल पुसायचं नसतं, गोल चरा रेघेच्या दिशेनेच जातो आणि तो वाचायला सगळ्यात वाईट. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालायची हिंमत झाली नाही, ते ड्राइव्ह पूर्ण वेगात सीडी इतकी गरगर फिरवतात की एका बाजूने कापलेला कागद आणि तो गोंद, काय उडेल सांगता येत नाही. आमच्याकडे एक जुना घरगुती प्लेअर आहे, ताटली बाहेर येणारा, तो संथ फिरतो. त्यातून लाइन आउट काढून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, पूर्ण वेळ लावून. चौदा गाणी होती. बारा स्वच्छ आली. शेवटच्या दोन गाण्यांत मधे मधे आवाज तुटतो, ती बाहेरच्या कडेची, तिथेच गोंद आणि गरमी दोन्ही लागली होती. तीनदा प्रयत्न केला, जितकं आलं तितकं घेतलं. दुपारभर दुकानात आखाजीची गाणी चालू होती, शेजारचा टायरवाला येऊन बसला, त्याची आई पण हेच म्हणायची म्हणे.

सहा नंबरच्या सीडीचा आजार सगळ्यात सोपा. नानांच्या नातवाने दीडशे गाणी एका सीडीत भरून दिली होती, म्हणजे एमपीथ्री. हा चेंजर त्या काळचा, त्याला फक्त ऑडिओ सीडी कळते, ७४ किंवा ८० मिनिटांची. एमपीथ्रीची सीडी त्याला दिसते, पण ऐकू काही येत नाही. रीरायटेबल सीडीचं पण तसंच, तिच्यावरून उजेड कमी परततो, जुने लेसर तिला रिकामीच समजतात. यात बिघाड काहीच नव्हता, पण आधीच्या दोघांनी लेसरचं निदान केलं त्यात या सहा नंबरचा मोठा हात असणार असं मला वाटतं.

आता लेसर. मॅगझिन निघालं, डबा टेबलावर आडवा ठेवला, माझी चांगली ओरिजिनल सीडी एक नंबरला घातली. लागली, पण लेन्स चार-पाच वेळा टिकटिकून. भिंग घेऊन आत बघितलं तर पिकअपवरचा, म्हणजे लेसर-लेन्सच्या ठोकळ्यावरचा, छोटा फिरता पॉट दिसला, लेसरचा करंट ठरवणारा, आणि त्यावरचा रंगाचा थेंब फुटलेला. फॅक्टरीत पॉट सेट झाला की त्यावर रंगाचा थेंब टाकतात, अर्धा फिरत्या भागावर, अर्धा बाहेरच्या. इथे दोन अर्धे एकमेकांपासून चांगले सरकलेले. म्हणजे दोनशे रुपयांत हे झालं होतं, लेसरला जास्त करंट. याने काय होतं, मळलेल्या लेन्समधून पण जास्त उजेड जातो, दोन दिवस बरं वाटतं, आणि डायोड त्या दोन दिवसांत महिन्याचं आयुष्य जाळतो, त्यात आपला मे महिना. मी म्हणतो लेन्स पुसायच्या आधी पॉटला हात लावणारा माणूस डोळ्यांत कचरा गेला म्हणून चष्म्याचा नंबर वाढवणारा.

भिंगाखाली ठेवून पॉट केसभर केसभर मागे फिरवला, दोन्ही अर्धे थेंब जुळेपर्यंत. त्याआधी मल्टिमीटरने असलेलं रीडिंग कागदावर लिहून ठेवलं, चुकलं तर परत येता यावं. मग लेन्स. आधी रबरी फुग्याने हवा मारली, इथे पण कापसाचा एक तंतू निघाला, मग कानकोरणीच्या कापसाला थोडंसं आयसोप्रोपाइल, दोन हलके फेरे, कोरडा एक. लेन्स प्लॅस्टिकची असते आणि केसासारख्या तारांवर लटकलेली, दाबलं की गेली. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की कायमची धूसर. आणि ब्रश लावलेल्या क्लीनिंग सीड्या चेंजरमध्ये मी घालत नाही, ब्रश कुठे अडकेल नेम नाही. हो, चालू लेसरच्या समोर डोळा नेऊ नका, लाल ठिपका फिका दिसतो म्हणून लोक वाकून बघतात, पण तो ७८० नॅनोमीटरचा, बहुतेक न दिसणारा उजेड आहे, फिका दिसतो म्हणजे कमी आहे असं नाही.

टेस्ट पॉइंटला स्कोप लावला, सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र. नीट चालणाऱ्या लेसरचा पॅटर्न चिकाच्या पडद्याच्या जाळीसारखा दिसतो, मधे स्पष्ट शंकरपाळे. आले. साधारण एक व्होल्ट, स्वच्छ. म्हणजे लेसर ठणठणीत होता आणि साडेतीन हजार वाचले. सरकत्या दांड्यांवरचं जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं, ते पुसून नवीन अगदी तांदळाच्या दाण्याएवढं लावलं. फवाऱ्याचं तेल मारायचं नाही, ते सगळीकडे उडतं आणि धूळ धरतं.

डबा परत भिंतीला उभा लावला, दोन्ही खाचा व्ही वर, आणि नानांना घेऊन पाळधीपर्यंत जाऊन आलो. एक उडी नाही. गाडी दुकानासमोर उन्हात लावली, जेवायला गेलो, नानांनी शेवभाजी मागवली होती. तीन वाजता परत आलो, चेंजर लावला. एरर.

नाना माझ्याकडे बघायला लागले. पण यावेळी मी तयार होतो, फ्रिजवाल्या मित्राकडून वायरवाला थर्मामीटर आणून सकाळीच डब्याच्या झाकणाला चिकटवला होता. ६३ अंश. चेंजर स्वतःला वाचवतो, केनवूडच्या पुस्तकात तर आतलं तापमान ६० च्या वर गेलं की सगळं बंद असं स्वच्छ छापलेलं असायचं, पायोनियरवाले हीट म्हणून दाखवतात, अल्पाइनचे हाय टेम्प. नानांच्या स्क्रीनवर पण तसंच काहीतरी येत होतं, त्यांनी ते एरर म्हणून सांगितलं आणि मी पहिल्या दिवशी उन्हात स्क्रीन नीट वाचलीच नाही. हा बिघाडच नाही. डिकीच्या बाजूच्या पत्र्याला चिकटलेला डबा, पलीकडून दुपारचं ऊन, खालून एक्झॉस्ट, आधी फरशीवर मधोमध होता तेव्हा निदान पत्र्यापासून लांब तरी होता.

मग डबा तिथून काढायचाच असं ठरलं. सिलिंडरजवळ मी ड्रिल लावत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी, म्हणून डिकी सोडूनच दिली. पुढच्या डाव्या सीटखाली मोजलं, डबा बसून वर दोन बोटं जागा उरत होती, सीट मागे पुढे करून बघितली, कुठे लागत नव्हती, आणि एसीची पायाकडची हवा थोडीफार तिथे येते. केबल लांब होतीच, कार्पेटखालून घेतली, उरलेली गुंडाळी करून बांधली. खाली रबराच्या पट्ट्या, कारण पावसाळ्यात कार्पेट ओलं होतं. मॅगझिन दाराच्या बाजूला, म्हणजे दार उघडून वाकलं की हाताला येतं.

सगळं बसवून मी स्क्रू आवळून राहिलो होतो आणि भाचा म्हणाला, "मामा, आता आडवा ना?" दोन्ही खाचा व्ही वरच होत्या. ज्या चुकीवर मी दोन दिवस भाषण दिलं तीच चूक. काढला, एच केला, परत बसवला, भाच्याला लस्सी.

आखाजीच्या गाण्यांची नवीन सीडी कमी स्पीडवर बर्न केली, सेशन बंद केलं, म्हणजे सीडीचं भरणं पूर्ण झालं अशी शेवटची खूण केली, कारण ते उघडं राहिलं तर जुने प्लेअर वाचत नाहीत, आणि वर सीडीच्या मार्करने नुसतं ४ लिहिलं, स्टिकर नाही. एक पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर, एक नानांच्या तीन मुलींना व्हॉट्सअॅपवर. जुनी सीडी कागदी पाकिटात घालून दिली, म्हटलं कपाटात ठेवा, गाडीत नको. बिल साडेसातशे झालं, नानांनी आठशे दिले आणि वर दुसऱ्या दिवशी कळण्याच्या पिठाची पिशवी पाठवली.

परवा फोन आला होता. दुपारी दोनला जळगावहून निघाले, गाडी उन्हातच उभी होती, एसी लावून पाच मिनिटांत चार नंबर सुरू झाला, पार घरापर्यंत. फक्त तीन नंबरची सीडी अजून सातव्या गाण्यावर अडकते. ती सीडीच चऱ्यांनी भरलेली आहे, मी बदलून देतो म्हटलं होतं. नाना म्हणे, "ऱ्हाऊ दे, कोठे अडकस ते माले पाठ व्हयेल से. मी बटन दाबी देस."